कोकणात राहून हौशी नेमबाजीसाठी .२२ पिस्तूल: कोणते घ्यावे?

रातांबा

नमस्कार मंडळी. मी देवगडकडचा. कोल्हापूरला बहिणीकडे जाणे-येणे असते, तिथल्या एका क्लबमध्ये बरेच दिवस एअर पिस्तूल चालवतो आहे. आता .२२ (इंचाच्या सुमारे बावीस शतांश व्यासाच्या गोळीचे) पिस्तूल घ्यायची इच्छा आहे. पदक वगैरे डोक्यात नाही. महिन्यातून एक-दोनदा रेंजवर जावे, शांतपणे २५ मीटरवर कागद फोडावा, एवढेच.

वाचून वाचून चार नावे मनात बसली आहेत: रुगर मार्क फोर, ब्राउनिंग बक मार्क, वॉल्थर जीएसपी आणि पार्दिनी एसपी. ओळखीतले एक ज्येष्ठ नेमबाज आपली जुनी जीएसपी काढणार आहेत, म्हणून विचाराला वेग आला. पहिल्या दोन दिसायला साध्या आणि वापरायला सोप्या वाटतात. शेवटच्या दोन म्हणजे थेट स्पर्धेची हत्यारे. हौशी माणसाने त्या वाटेला जावे का?

बाग मोठी आहे, मागे जांभ्याचा उंच गडगा आहे. घरच्या घरी सराव जमेल का, हेही सांगा. आणि खाऱ्या हवेत पिस्तूल टिकवायचे कसे?

खाडीकाठ

मास्तर, मॉडेलचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि परवान्याच्या कामाला लागा. आपल्याकडे हा क्रम उलटा करून चालत नाही.

.२२ हे बंदुकीच्या दारूवर चालणारे हत्यार, त्यामुळे शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ पूर्ण लागू. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तुमच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला. पोलीस पडताळणी होते. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. खेळासाठी म्हणून अर्ज करत असाल तर क्लबचे आणि राज्य संघटनेचे सभासदत्व आधी पक्के करा, सरावाच्या नोंदी आणि स्कोअरचे कागद जपून ठेवा. नवखा हौशी माणूस आणि रेंजवर नियमित दिसणारा सभासद यांच्या अर्जात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसरी गोष्ट. परदेशी पिस्तूल थेट मागवणे सर्वसामान्य परवानाधारकाला खुले नाही. ती वाट ठरावीक पातळी गाठलेल्या नेमबाजांसाठी आहे. म्हणून तुमच्या यादीतले जे काही मिळेल ते देशात आधीच असलेले, कोणाच्या तरी परवान्यावरचे, हस्तांतरण होऊन येणारे. थोडक्यात, चारांतून निवडण्याचे स्वातंत्र्य कागदावर आहे. प्रत्यक्षात जे चांगल्या स्थितीत, रीतसर कागदांसह समोर येते त्यातूनच निवड होते.

देशी .२२ म्हणून ईशापूरच्या कारखान्याचे ‘निडर’ रिव्हॉल्व्हर कोणी सुचवेल. ते खिशात मावणारे, हलके, आखूड नळीचे आहे. हेतूच वेगळा. २५ मीटरच्या कागदासाठी ते घेऊ नका.

सुरंगी

रातांबादादा, मी पनवेलच्या बाजूला २५ मीटर पिस्तूल खेळते. राज्य स्पर्धेपर्यंत गेले आहे, त्यापुढे नाही. पण या पिस्तुलांवर मनापासून प्रेम आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

‘हौशी’ आणि ‘स्पर्धेचे’ ही विभागणी डोक्यातून काढा. हौशी माणसालाच चांगल्या ट्रिगरची आणि हाताला बसणाऱ्या ग्रिपची (मुठीची) जास्त गरज असते, कारण त्याचा सराव कमी. वाईट ट्रिगरवर मेहनत घ्यायला त्याच्याकडे वेळ नाही.

रुगर आणि बक मार्क ही अमेरिकन घराण्यातली. रुगर कंपनीची सुरुवातच १९४९ मध्ये .२२ पिस्तुलाने झाली, मार्क फोर २०१६ चे. त्याआधीच्या मार्कांची खोल-जोड हा डोकेदुखीचा विषय होता, मार्क फोरमध्ये मागचे एक बटण दाबले की पिस्तूल उघडते. बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा सरकता भाग) नळकांड्याच्या आत मागेपुढे होतो, साइट (नेम धरायची खूण) जागची हलत नाही, त्यामुळे नेम चांगला लागतो. बक मार्क १९८५ पासून आहे, त्याचीही मागची साइट स्लाइडबरोबर पळत नाही. दोन्ही मजबूत, वर्षानुवर्षे चालणारी. पण कारखान्यातून येणारा ट्रिगर जड असतो आणि मॅगझिन मुठीत जाते. मॅगझिन मुठीत असले की मुठीचा आकार मॅगझिन ठरवते, तुमचा तळवा नाही.

जीएसपी आणि पार्दिनीत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असते. वर्षानुवर्षे ऑलिंपिक पातळीची पिस्तुले अशीच का बनत आली, याचे उत्तर यात आहे: मूठ मोकळी राहते, लाकूड हवे तसे कोरता येते, हात वर नळीच्या जवळ नेता येतो. नळी हाताच्या जितकी जवळ, तितकी गोळी सुटल्यावर तोंड कमी उचलते. २५ मीटर स्पर्धेच्या रॅपिड, म्हणजे जलद, भागात लक्ष्य ३ सेकंद दिसते आणि ७ सेकंद फिरलेले असते. त्या ३ सेकंदांत हात वर आणून एक गोळी सोडायची असते. तिथे मुठीतला पाव इंचाचा फरकही कळतो. तुम्ही रॅपिड खेळणार नाही, हे मान्य. पण अचूक नेमाच्या संथ भागातही पिस्तूल प्रत्येक वेळी हातात त्याच जागी बसले, तरच गट, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पसारा, लहान होतो.

आता जीएसपी विरुद्ध पार्दिनी. जीएसपी हे १९६० च्या दशकाच्या अखेरचे डिझाइन, नंतर कित्येक दशके बनत राहिले. चौकोनी, पुढे वजनदार, सव्वा किलोच्या आसपास. पुढचे वजन संथ नेमाला छान, साइट डगमगत नाही. ट्रिगरचे युनिट सबंध काढता येते, हे त्याचे मोठे सुख. पार्दिनी इटलीच्या लिदो दि कामायोरेची, तेही समुद्रकाठचे गाव. ती हाताला चपळ, ट्रिगर फार सुरेख, सुटे भाग आणि ग्रिपचे आकार अधिक सहज मिळतात. नवीन खेळाडूंमध्ये तीच जास्त दिसते. महाग मात्र आहे.

माझे मत विचाराल तर: चांगल्या स्थितीतली जीएसपी मिळत असेल तर घ्या. संथ कागद फोडायला तिच्यासारखी सोबत नाही. आणि खेळाच्या नियमांत बसते, उद्या जिल्हा पातळीवर उतरावेसे वाटले तर अडत नाही. नियम असे: नळी जास्तीत जास्त १५३ मिमी, दोन साइटमधले अंतर २२० मिमीच्या आत, वजन १४०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगर किमान १००० ग्रॅम. रुगरची काही मॉडेल्स नळीच्या लांबीवरच बाद होतात, हे घेताना बघितले पाहिजे.

आपल्या मातीतली प्रेरणा हवी असेल तर राही सरनोबत. कोल्हापूरची. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात तिने शूट-ऑफमध्ये (बरोबरी फोडणाऱ्या फेरीत) सुवर्ण घेतले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्याच शहरात तुमचा क्लब आहे, तिथले जुने प्रशिक्षक ग्रिपबद्दल जे सांगतील ते माझ्यापेक्षा मोलाचे.

सडा_वारा

सुरंगीताई, फार छान लिहिलेत. एक शंका. आमच्याकडे राजापूरला मैलभर मोकळा कातळ आहे, माणूस नाही, गुरे पण पावसानंतर फिरकत नाहीत. परवाना हातात असेल तर अशा ठिकाणी .२२ चालवायला काय हरकत? रेंज गाठायला आम्हाला अर्धा दिवस जातो.

खाडीकाठ

हरकत आहे, आणि मोठी आहे. रातांबांच्या जांभ्याच्या गडग्यालाही हेच उत्तर.

.२२ ला लोक ‘छोटी गोळी’ म्हणून हलके घेतात. ती गोळी वर सुटली तर दीड किलोमीटरच्या पुढे जाते. २.६ ग्रॅमचे शिसे, टोक गोल, वेग बेताचा. नेमकी हीच गोळी कठीण पृष्ठभागावरून उसळते. कातळ, जांभा, भरतीनंतरची ओली घट्ट वाळू, खाडीचे पाणी, सगळ्यांवरून. पाण्याला कमी कोनात लागलेली .२२ दगडी चकतीसारखी उडत जाते. समोर समुद्र आहे, तिकडे कोण असणार, असे म्हणणाऱ्याने आपल्या खाडीत पहाटे किती होड्या असतात हे एकदा मोजावे.

जांभा तर दुहेरी वाईट. खडबडीत, छिद्रांचा, प्रत्येक इंचाला वेगळा कोन. गोळी किंवा तिचा तुकडा कुठे परत येईल याचा अंदाज कोणालाच बांधता येणार नाही. रेंजवर मागे मातीचा जाड बांध किंवा तिरप्या पोलादी पट्ट्यांचा सापळा असतो, बाजूला भिंती, वर अडसर, शिवाय रेंज अधिकारी. तो खर्च उगाच करत नाहीत.

कायद्याने पाहिले तरी खेळासाठीच्या परवान्यावर सराव मान्यताप्राप्त रेंजवर. कातळावर आवाज झाला, कोणी पोलिसांना कळवले, तर परवाना जाईल आणि गुन्हाही दाखल होईल. त्यात आपल्या भागात रानात बार झाला की पहिला संशय शिकारीचा. त्या भानगडीत एका सज्जन माणसाने का पडावे?

वल्हव

आमच्या आजोबांकडे शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक होती. माकडा आणि डुकरां बागेत शिरली की बार काढीत. त्या बंदुकीक ते खोबरेल त्याल लावीत, आणि ती अजून चकाकता. पिस्तुलाक पण ताच चलात मा? परदेशी त्यालाचे डबे कशाक?

वेंगुर्ला_दीप

वल्हव भाऊ, ठासणीला चालले ते पिस्तुलाला चालणार नाही. मी जहाजावर इंजिनात उभे आयुष्य काढले, खारी हवा आणि पोलाद यांचे वैर जवळून पाहिले आहे. म्हणून हा विषय माझा.

खोबरेल थंडीत गोठते. माघाच्या पहाटे वाटीतले तेल पांढरे होते ना, तेच फायरिंग पिनच्या भोकात आणि ट्रिगरच्या सांध्यात होणार. ठासणीत असले बारीक सांधे नाहीत. शिवाय ते धूळ आणि दारूची काजळी धरून ठेवते. पिस्तुलाला खनिज तेलच, आणि तेही पातळ थरात. शिलाई मशीनचे तेल आतल्या भागांना ठीक, पण ते उडून जाते, बाहेरच्या पोलादावर पावसाळाभर टिकत नाही. बाहेरून गंजरोधक तेलाचा किंवा मेणासारख्या संरक्षकाचा थर हवा.

आपल्याकडे गंज पावसाच्या पाण्याने कमी आणि हाताच्या घामाने व मिठाच्या हवेने जास्त येतो. रेंजवरून परत आलात की त्याच रात्री पुसा. उद्यावर टाकू नका, जून ते सप्टेंबरमध्ये तर मुळीच नाही. पोलादाला बोटांचे ठसे राहिले की तिथेच आधी तांबूस ठिपका उठतो.

ठेवायला चामड्याचे पाकीट नको. चामडे ओल शोषते आणि ती पोलादाला लावून ठेवते. फोमची पेटीही बंद करून महिनोन्‌महिने ठेवली तर तोच प्रकार. कुलूपबंद लोखंडी पेटी, आत सिलिका जेलच्या पिशव्या, त्या रंग बदलल्या की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये मंद तापवून परत वापरायच्या. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, पावसात भिंतीच ओल्या असतात. काडतुसे वेगळ्या कुलपात, हवाबंद डब्यात.

नळीच्या आत मात्र हात आवरा. .२२ च्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा थर असतो, तो नळीत बसतो आणि थोडे संरक्षणही देतो. दर वेळी तोंडाकडून लोखंडी गज घालून घासणाऱ्यांनी जेवढ्या नळ्या खराब केल्या तेवढ्या गोळ्यांनी केल्या नसतील. चेंबर (काडतूस बसते ती जागा), बोल्टचे तोंड आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामे काडतूस ओढून काढणारा आकडा) स्वच्छ ठेवा, नळीतून मागच्या बाजूने अधूनमधून ओढायची कापडी पॅच पुरे.

आणखी एक. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. तशी वेळ आलीच तर देण्याआधी पिस्तूल भरपूर तेल लावून, गंजरोधक कागदात गुंडाळून द्या, आणि स्थितीच्या नोंदीसह पावती घ्या. तिथे ते आठवडेच्या आठवडे पडून असते.

नवी_पालवी

मी अगदी नवीन आहे, चुकत असेल तर सांगा. एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा घरी एअर पिस्तूल घेऊन बसले तर? तोच आनंद नाही का मिळत?

सुरंगी

नवी_पालवी, अजिबात चुकत नाही आहेस. कोकणात राहणाऱ्यासाठी हे सर्वांत शहाणपणाचे उत्तर असू शकते.

४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा असेल तर एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा साधारण ६ ज्यूल. .२२ पिस्तुलाची शंभराच्या वर. या दोन आकड्यांतच घर आणि रेंज यांतला फरक आहे.

१० मीटरचा सराव आपल्या जुन्या घरांच्या लांब पडवीत सहज बसतो. लक्ष्याचा दहाचा गोल फक्त ११.५ मिमीचा, त्यामुळे सोपे अजिबात नाही. २५ मीटरच्या संथ लक्ष्याचा दहा ५० मिमीचा असतो. अंतर अडीच पट, गोल चौपटीहून मोठा. एअरवर जो नेम धरायला शिकलात तो .२२ वर व्याजासह परत मिळतो. उलट होत नाही. राष्ट्रीय पातळीवरच्या मुलीही रोज एअर आणि ड्राय (गोळीविना) सराव करतात. मनू भाकरला पॅरिसमध्ये २०२४ साली जी दोन कांस्यपदके मिळाली ती दोन्ही १० मीटर एअरची, आणि २५ मीटरला तीच चौथी आली.

पण भिंतीला काळजी एअरमध्येही लागतेच. शिशाचा छर्रा जांभ्यावरून परत फिरतो. सापळा म्हणून जाड पत्र्याची खोल पेटी, मागची बाजू तिरपी, आत जुने कपडे घट्ट कोंबलेले. डोळ्यांवर चष्मा कायम. लक्ष्यामागे दार किंवा वाट नको. हाताला शिसे लागते, साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही. लहान मुले घरात असतील तर एअर पिस्तूलही कुलपातच.

कर्ली

एअर पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरबद्दल थोडे. साधारण २०० बारला भरतात. हातपंपाने भरता येते, पण आपल्या दमट हवेत पंपातून पाणी आत जाते आणि व्हॉल्व्ह खराब होतात. मालवण-तारकर्लीकडे स्कूबावाल्यांकडे श्वासाची हवा भरणारे कॉम्प्रेसर आहेत. ती हवा कोरडी आणि गाळलेली असते. पाणबुड्याचा सिलिंडर आणि योग्य अ‍ॅडॅप्टर असेल तर काम सुंदर होते. ऑक्सिजनच्या सिलिंडरला मात्र चुकूनही जोडू नका, तेलाच्या अंशाबरोबर स्फोट होतो. सिलिंडरवर छापलेली मुदत पाहा, ती दहा वर्षांची असते. मुदत संपलेला स्पर्धेत चालत नाही आणि घरीही चालवू नये.

रातांबा

सगळ्यांचे मनापासून आभार. गडग्यासमोर .२२ हा विषय माझ्याकडून संपला. पडवी मोजली, १० मीटर बसतात. एअर घरी घेणार हे ठरले.

.२२ साठी अर्जाची तयारी सुरू करतो. पुढच्या महिन्यात क्लबच्या रेंजवर ती जीएसपी मालकांच्याच देखरेखीत हाताळायला मिळणार आहे. काय काय पाहू? आणि काडतुसे कोणती?

सुरंगी

पहिले काम: मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याचे स्वतः डोळ्यांनी आणि बोटाने तपासून घ्या. मालक कितीही अनुभवी असो.

मग टॉर्च लावून चेंबरची कड बघा. .२२ मध्ये पेटणारी दारू काडतुसाच्या कडेत असते, म्हणून पिन कडेवर मारते. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढत राहिले तर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या कडेला लागून तिथे खळगा पडतो. खळगा असेल तर काडतूस अडकते. घरच्या ड्राय सरावाला निकामी काडतूस किंवा पिस्तुलाची स्वतःची ड्राय-फायर सोय वापरायची, ही सवय पहिल्या दिवसापासून.

ट्रिगरचे वजन: नळी आकाशाकडे सरळ धरून ट्रिगरला १ किलोचे वजन अडकवा आणि सावकाश उचला. घोडा पडता कामा नये. तीन-चारदा करून पाहा. एकदा जरी सुटला तरी युनिट तज्ज्ञाकडे गेले पाहिजे.

मॅगझिन किती आहेत आणि त्यांचे ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले नाहीत ना, ते पाहा. जुन्या पिस्तुलात अडकण्याचे कारण बहुतेक वेळा मॅगझिनच निघते. बोल्टच्या मागचा बफर (धक्का झेलणारा तुकडा) झिजलेला असेल तर बदलायचा भाग मिळतो का, हे आधी विचारा.

ग्रिप तुमच्या हाताची नसेलच. डोळे मिटून हात वर आणा, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मध्यावर दिसली पाहिजे. डावी-उजवीकडे दिसत असेल तर लाकूड तासावे किंवा एपॉक्सी पुटीने भरावे लागेल. हळूहळू, अर्धा मिलिमीटर करत. सावंतवाडीकडे लाकडावर हात चालणारे कारागीर आहेत, पण त्यांच्याकडे न्यायची ती पिस्तुलावरून सोडवलेली नुसती मूठ. पिस्तूल घरी कुलपात. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून तासणीचे काम हिवाळ्यात करा आणि वर तेलाचा हात द्या.

काडतुसे स्टँडर्ड वेगाची. वेगवान गोळ्या अशा पिस्तुलांच्या स्प्रिंगसाठी नाहीत, बोल्ट आणि बफर लवकर झिजतात. एली, एसके, आरडब्ल्यूएस या कंपन्यांपैकी क्लबकडे जे नियमित येते ते दोन-तीन प्रकारचे घ्या. आधाराला टेकवून प्रत्येकाचे पाच-पाचचे गट पाडा. एकाच मॉडेलची दोन पिस्तुलेही वेगवेगळ्या काडतुसांवर खूश असतात. जे लहान गट देते आणि अडकत नाही ते, किंमत नंतर.

खाडीकाठ

यात एकच भर. रिमफायरमध्ये (.२२ सारख्या, कडेवर पेटणाऱ्या काडतुसांत) काडतूस न पेटण्याचे प्रमाण सेंटरफायरपेक्षा (बुडाच्या मध्यावर पेटणाऱ्यांपेक्षा) जास्त. ‘टक’ झाले आणि गोळी सुटली नाही, तर पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून अर्धा मिनिट थांबा, मग मॅगझिन काढा, मग बोल्ट ओढा. लगेच तोंडाकडून आत डोकावणारे पाहिले आहेत. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी सोडण्याआधी नळी मोकळी आहे का ते पाहा, गोळी मध्येच अडकलेली असू शकते.

मास्तर, अर्जासोबत क्लबचे पत्र, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, स्कोअरच्या प्रती आणि घरी शस्त्र ठेवायच्या पेटीचा फोटो लावा. पोलीस पडताळणीला येतील तेव्हा पेटी भिंतीला बोल्टने बसवलेली दाखवा. आणि परवाना हातात येईपर्यंत जीएसपीच्या मालकांना आगाऊ रक्कम देऊ नका, शब्द पुरे आहे.

रातांबा

पेटीचे माप घेतो. वेंगुर्ला_दीप, गंजरोधक कागद आपल्याकडे मिळतो का, की मुंबईहून आणायचा?

वेंगुर्ला_दीप

यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात विचारा. बेअरिंग ज्या तपकिरी तेलकट कागदात येतात तोच. गणपतीच्या आधी घ्या, तोवर पावसाचा जोर असतोच.